रावजी तांडेलाची मुकी तार

एका जंगलात खाडी शिरली होती. जंगलात खाडी कशी शिरली, असं विचारू नका. जिथं प्राणी पंचायत भरवतात आणि होड्या हाकतात, तिथं खाडीचं काय घेऊन बसलात. गप बसा आणि ऐका.

त्या खाडीत जंगलाची एक शिडाची होडी होती. होडीवर तांडेल होता रावजी साळिंदर. म्हातारा, काटेरी, तोंडानं फाटका. शाळेत गेला होता म्हणे. मास्तर दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी बसायला तयार होईनात, म्हणून परत आला.

रावजीचा एकच अभिमान होता. "माझ्या हातात सुकाणू आल्यापासून डोलकाठी पडलेली नाही." सकाळी भाकरी खाताना तो हे सांगायचा. दुपारी कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

आणि एकच भीती होती. काठावर एक कातळ होता. ज्यांचं सुकाणू काढून घेतलंय असे सगळे म्हातारे त्या कातळावर बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्या होड्यांना नावं ठेवायचे. रावजीला नावं ठेवायला आवडायची, पण बसून नाही.

आता तार म्हणजे काय ते सांगतो. डोलकाठीच्या शेंड्यापासून होडीच्या मागच्या टोकापर्यंत एक तार ओढलेली असते. तिला मागचा तणावा म्हणतात. ती सैल राहिली तर डोलकाठी पुढं डुलते आणि एक दिवस तोंडावर पडते. तारेच्या खालच्या टोकाला मळसूत्र असतं. ते पिळलं की तार आवळते. किती आवळायची, हाच सगळा प्रश्न. शहाण्यांचं आयुष्य यातच जातं. मूर्खांचंही जातं, पण लवकर.

रावजीची रीत ठरलेली होती. पाठीवरचा एक काटा उपटायचा, त्यानं तार छेडायची आणि ऐकायचं. तार 'टण्ण' बोलली की थांबायचं. त्याच्या म्हाताऱ्या उस्तादानं हेच शिकवलं होतं आणि रावजीनं ते इतकी वर्षं केलं होतं, की पाठीवर ताटलीएवढं टक्कल पडलं होतं. ते टक्कल तो पाहुण्यांना मुद्दाम दाखवायचा.

पण झालं असं, की रावजीचे कान गेले. पूर्ण नाही. जाड आवाज ऐकू यायचे. गव्याचं हंबरणं, ढगांचं गडगडणं, जवळ येऊन कुणी खर्जात बोललं तर तेही. बारीक आवाज मात्र पार गेले. होडीवर भाकऱ्या भाजायला गोदाक्का चिचुंद्री होती. ती दिवसभर चिरचिरायची. रावजीला वाटायचं, बाई वयानं शांत झाली.

तांडेलाला बारीक ऐकू येत नाही, हे सगळ्या जंगलाला माहीत होतं. तांडेलाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेलही. बारीक आवाजात सांगितलं असेल.

त्या वर्षी शर्यत आली. पलीकडच्या तीरावरचे कोल्हे आणि अलीकडचं जंगल, अशी दर वर्षी होड्यांची शर्यत व्हायची. जिंकेल त्यानं बेटावरची करवंदं आधी तोडायची. पंचायतीचा सरपंच होता एक गवा. तो रावजीला जाता जाता म्हणाला, "तांडेल, यंदा हरलो तर लोक म्हणतील वय झालं. मी नाही म्हणणार. लोक म्हणतील."

रावजीनं कातळाकडं पाहिलं. कातळावरच्या म्हाताऱ्यांनी सरकून एक जागा केली होती.

नेमका त्याच वेळी रावजीचा जावई आला. सदानंदराव साळिंदर. शहरातल्या प्राणिसंग्रहालयात राहून शिकून आला होता. पिंजऱ्याबाहेर पाटी असते ना, ती रोज वाचून वाचून शिकला. स्वभावानं गरीब. काटे असून नसल्यासारखे. येताना सासऱ्यासाठी भेट म्हणून त्यानं एक पितळी यंत्र आणलं होतं.

"मामा, हे ताणमापक. हे तारेवर अडकवायचं आणि मधला वाकडा आकडा ओढायचा. तार किती वाकते, त्यावरून तिच्यावर ओढ किती ते पट्टीवर दिसतं."

"बरं. मग?"

"तार ज्या ओढीला तुटेल, तिच्या चौथाईपर्यंत हिरवा रंग. त्याच्या पुढं पिवळा. त्याच्या पुढं तांबडा. आपण हिरव्यात राहायचं."

"जावईबापू," रावजी म्हणाला, "तुम्ही शिकलेले. आम्ही अडाणी. पण आमच्या लग्नात आम्ही बायकोला यंत्र लावून पाहिलं नव्हतं. आवाजावरून ओळखलं होतं."

जावयानं यंत्र पुन्हा पिशवीत ठेवलं. निघताना बायकोनं बजावलं होतं, "बाबांना काही बोलू नका, त्यांचं मन फार हळवं आहे." साळिंदराचं मन. असो.

शर्यतीच्या सकाळी रावजीनं काटा उपटला आणि तार छेडली.

तार बोलली नाही.

म्हणजे ती बोलली. माकडांनी ऐकली, जावयानं ऐकली, गोदाक्कानं तर चुलीपाशी ऐकली. छान 'टण्ण' बोलली. रावजीला ऐकू आली नाही.

"सैल आहे," रावजी म्हणाला. "पिळा."

होडीवर खलाशी म्हणून माकडं होती. माकडाला एखादी गोष्ट पिळायला सांगितली, की ते का म्हणून विचारत नाही. त्यांनी मळसूत्र पिळलं. रावजीनं पुन्हा छेडलं. तार आणखी उंच बोलली. जितकी आवळावी तितका तिचा आवाज बारीक होणार, आणि बारीक तेच तर रावजीचं गेलं होतं. म्हणजे बघा मुलांनो, म्हातारा जसा आवळत होता, तशी तार त्याच्यापासून लांब जात होती. पुष्कळ घरांत असंच चालतं, पण तो विषय वेगळा.

"आजकालच्या तारा मुक्या," रावजी म्हणाला. "आमच्या वेळच्या तारा खणखणीत होत्या. पिळा."

जावयानं हळूच ताणमापक अडकवलं. पट्टीवरची खूण हिरव्यातून पिवळ्यात गेली आणि पिवळ्यातून तांबड्यात.

"मामा, तांबडं दाखवतंय."

"शुभ आहे. कुंकू तांबडंच असतं."

"तसं नव्हे मामा. तार कदाचित तुटणार नाही, पण होडीवर फार ओढ येईल. मागचं टोक वर ओढलं जाईल आणि काठी खाली दाबली जाईल."

"काठी पडेल का?"

"पडणार नाही. पण..."

"मग झालं तर."

जावयाच्या ओठांवर आलं होतं, की मामा, तार बोलतेय, तुम्हालाच ऐकू येत नाही. पण त्याला बायको आठवली. त्यानं ताणमापक पुसलं आणि पिशवीत ठेवलं.

इतक्यात गोदाक्का आली. भाकऱ्यांच्या कपाटाचं दार लागेना म्हणून ती करवादली होती. काल सहज लागत होतं, आज चौकटच तिरकी झालेली. ती रावजीसमोर उभी राहून बराच वेळ बोलली. रावजी मान हलवत राहिला. शेवटी तिनं तव्यावर उलथनं आपटलं.

"काय म्हणतेस?"

"कपाट लागत नाही म्हणते मेली मी कधीपासून," ती घसा फाडून म्हणाली.

"लाकूड फुगलंय. खाडीत लाकूड फुगतंच."

आता होडीतलं कपाट एका रात्रीत लागेनासं झालं, तर होडी वाकलीय, हे तुम्हाला कळलं. तुमच्यापेक्षा लहान मुलांनाही कळेल. पण रावजी तांडेल होता. तांडेलाला कपाटाकडं बघायला वेळ नसतो.

शर्यत सुटली.

वारा समोरून होता. आणि एक खरं सांगायला हवं, होडी सुरेख चालली. तणावा घट्ट असला की पुढचं शीड पिशवीसारखं फुगत नाही, ताठ राहतं, आणि होडी वाऱ्याच्या तोंडावर चढत जाते. कोल्हे मागं पडले. काठावर आरडाओरड झाली. कातळावरचे म्हातारे उठून उभे राहिले. कित्येक वर्षांत ते उभे राहिले नव्हते.

रावजीनं छाती फुगवली. "बघितलंत जावईबापू? यंत्र लागतं का?"

"नाही मामा. पण पायाखाली पाणी आहे."

"होडी थोडी घामेजतेच."

रावजीनं तेवढ्यात आणखी एक काटा उपटून तार छेडली. शांत. त्याच्या मनात प्रथमच काहीतरी हललं. इतकी घट्ट तार, आणि अक्षर बोलत नाही? त्यानं कातळाकडं पाहिलं. मग तो माकडांकडं वळला.

"आणखी एक पीळ."

होडीची दोन्ही टोकं वर आली आणि पोट खाली गेलं. झोळी उचलावी तशी ती दिसू लागली. बाजूच्या फळ्या दात विचकल्यासारख्या उघडल्या. डोलकाठी खालच्या फळीतून आरपार गेली आणि वाळूत रुतली. होडी खाली बसली. सावकाश बसली, एखादी म्हातारी बाई जमिनीवर बसते तशी, एक हात टेकून.

नशीब म्हणून तिथं खाडी उथळ होती. सगळे डोलकाठीवर चढले. वर माकडं, मधे गोदाक्का तवा घेऊन, तिच्याखाली जावई, आणि सगळ्यात खाली, तांडेलानं शेवटी उतरायचं असतं म्हणून, रावजी. चारी पायांनी काठीला मिठी. हनुवटी काठीवर टेकलेली.

कोल्ह्यांची होडी बाजूनं गेली. कोल्ह्यांचा तांडेल काहीतरी बारीक आवाजात ओरडला. रावजीला वाटलं विचारपूस केली. त्यानं एक पाय सोडून रामराम केला.

आणि मग त्याला ते ऐकू आलं.

कानानं नाही. काठीतून हनुवटीत, दातांत, कवटीच्या हाडात. तार ओरडत होती. वारा तिच्यावरून जात होता आणि ती किंचाळत होती. सकाळपासून किंचाळत असणार.

रावजीनं हनुवटी उचलली, तशी तार मुकी झाली; पुन्हा टेकवली, तशी ओरडू लागली.

"बोलत होती की," तो शेवटी म्हणाला. "जावईबापू, तुम्हाला ऐकू येत होती?"

"हो मामा."

"माकडांना?"

"हो."

"गोदाक्काला?"

"त्यांनी तर चुलीपाशी ऐकली."

"मग माझे कान गेलेत म्हणून कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

रावजीनं खाली पाहिलं. पाण्यात भाकऱ्या तरंगत होत्या.

"बरं झालं. वाईट वाटण्यापासून वाचलो," तो म्हणाला. "अक्कल पाठीवर उगवली असती तर तीही उपटून तार छेडली असती. काटेच उगवले, म्हणून वाचली म्हणायची."

दुसऱ्या दिवशी पंचायत भरली. रावजी स्वतःच पुढं झाला. कातळावर जायची तयारी करून, घोंगडी काखेत मारून आला होता.

"चूक माझी आहे. मला बारीक ऐकू येत नाही. मी तार नको तेवढी आवळली. जावई सांगत होते. मी ऐकलं नाही."

गव्यानं मान डोलावली. "थांबा. रीतसर होऊ द्या. डोलकाठी पडली का?"

सगळ्यांनी खाडीकडं पाहिलं. पाण्यातून काठी सरळ उभी होती. तिच्यावर एक बगळा बसला होता.

"नाही पडली," माकडं म्हणाली.

"तार तुटली?"

"नाही."

"मग तांडेलाची चूक काय?"

"होडी बुडाली," जावई म्हणाला.

"होडी सुताराकडं येते. तांडेलाकडं काठी. काठी उभी आहे." गवा सभेकडं वळला. "आणि एवढं करून हा माणूस स्वतःकडं दोष घेतो. याला म्हणतात मोठेपण."

रावजी म्हणाला, "मोठेपण नाही हो, बहिरेपण." सभा गहिवरली. कुणीतरी त्याच्या गळ्यात हार घातला. काट्यांवर हार नीट बसतो.

ठराव झाला तो असा. रावजी मरेपर्यंत तांडेल. नवी होडी बांधायची. आणि ज्या यंत्रानं निघतानाच तांबडं दाखवून अपशकुन केला, त्याला होडीवर बंदी. यंत्र आणणाऱ्या सदानंदरावांनी कातळावर बसायचं. एवढं ठाऊक असून गप्प राहिला, हा दोष त्याच्यावर ठेवला. तो तेवढा खरा होता.

नवी होडी झाली. पाण्यात लोटायच्या सकाळी सगळं जंगल जमलं. रावजीनं पाठीवरून काटा उपटला. आता तिथं थोडेच उरले होते. तार छेडली. माकडं मळसूत्र पिळू लागली.

रावजीनं डोळे मिटले आणि मान तिरकी केली. सगळे श्वास रोखून बघत होते. म्हातारा काय ऐकतो, किती बारकाईनं ऐकतो.

तो काहीच ऐकत नव्हता. तो वाट बघत होता.

त्याच्या मागं तारेच्या बुंध्याशी गोदाक्का पदर पसरून बसली होती. दृष्ट काढायला, असं तिनं सांगितलं होतं. पदराखाली ताणमापक तारेला अडकवलेलं होतं. एरवी ते भाकऱ्यांच्या कपाटात असायचं. नव्या होडीत कपाटाचं दार अगदी नीट लागत होतं, आणि तेही ती रोज दोनदा लावून बघायची. पट्टीवरची खूण हिरव्याच्या कडेला आली, तशी तिनं घासून लखलखीत केलेल्या तव्यावर उन्हाची तिरीप घेतली आणि कातळाकडं फिरवली.

कातळावरून सदानंदराव खोकला. चांगला जाड, पोटातून काढलेला खोकला.

रावजीनं डोळे उघडले.

"बोलली," तो म्हणाला. "बस."

माकडं थांबली. काठावर टाळ्या झाल्या. गव्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय कान आहे," तो म्हणाला. "असा कान आता जन्माला येणार नाही."

"येऊ नये," रावजी म्हणाला. तेही सगळ्यांना मोठेपणच वाटलं.

तात्पर्य : माप अचूक असून भागत नाही. ते बहिऱ्या म्हाताऱ्याच्या तोंडून यावं लागतं. म्हणून मुलांनो, खरं काय ते कळलं की बोलून दाखवू नका. नुसतं खोका. आणि म्हाताऱ्याला खोकलाही ऐकू येईनासा झाला, तर होडी उथळ पाण्यातून न्या.