रिमोटचा पल्ला

घरातलं कुठलंही यंत्र माझ्यापुढे नांगी टाकतं, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. बायकोच्या मते यंत्रं नांगी नव्हे, मान टाकतात. पण तिच्याकडे लक्ष देऊ नका.

आमचं घर स्मार्ट आहे. दिवे, पंखे, पडदे, सगळं एका रिमोटवर! फक्त आईच्या खोलीतला पंखा काही ऐकेना. आई पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर. बटण दाबून दाबून तिचा अंगठा दुखायला लागला, पंखा ढिम्म! मग ती हाक मारणार, मी धावत जाऊन भिंतीवरचं बटण दाबणार, की पंखा लगेच गरगर. गार वाटलं की रिमोटला हातही न लावता पुन्हा हाक, पुन्हा मी, बटण बंद! म्हणजे पंखा ठणठणीत, दोष सिग्नलचा. सरळ तर्क आहे!

"एवढ्याशा वाऱ्यासाठी माणसं पळवायची मला नाही आवडत," आईनं एक दिवस जाहीर केलं. "रविवारी ताईकडे जाते. तिच्याकडे उशाशी साधं बटण आहे."

आई येणार म्हणून मी ती खोली स्वतः रंगवली होती. ती घरात असली की मला पन्नाशीतही कुणीतरी "जेवलास का?" विचारतं. ते सगळं ताईकडे जाणार, तेही एका पंख्यापायी!

"आई, मी पल्ला वाढवतो," मी म्हणालो.

"कशाचा?"

"रिमोटचा! तू फक्त बघ."

शनिवारी मी सिग्नल वाढवणाऱ्या तीन डब्या आणल्या. दुकानदार एक पुरे म्हणाला होता, पण आईच्या बाबतीत मी कंजुषी करत नाही. एक कपाटावर, एक दारावर, एक खिडकीत. अँटेना उभ्या केल्या.

"दाब आई!"

आईनं दाबलं. पंखा ढिम्म. पण खालच्या मजल्यावरून किंकाळी आली.

"पुन्हा दाब. जोरात!"

पुन्हा किंकाळी. "आता पडद्याचं दाब!" म्हणालो, तर शेजारून दातांचे डॉक्टर ओरडले. एवढा आवाज त्यांच्या खुर्चीतल्या पेशंटांनीही कधी काढला नसेल!

दोन मिनिटांत दारावरची घंटा वाजली. दारात खालच्या शिवणकाम करणाऱ्या काकू, डोक्यावर मापाचे कागद घेऊन. मागे डॉक्टर, टॉवेलवर.

"माझा पंखा आपोआप सुटला!" काकू म्हणाल्या. "बाह्या एका खोलीत, कॉलर दुसऱ्या खोलीत!"

"तुमचं बरंय! माझा पडदा उघडला! समोर बसथांबा आहे. माझे दोन पेशंट उभे होते!"

"ओळखलं का हो त्यांनी?" आतून आईनं काळजीनं विचारलं.

"हात केला त्यांनी!"

मी दुकानदाराला फोन लावला. "अहो, रिमोट बसवताना सगळ्या इमारतीला मी एकच कोड टाकलाय," तो शांतपणे म्हणाला. "सिग्नल भिंतीपलीकडे जातच नव्हता! तुम्हाला कुणी सांगितलं होतं पाठवायला?"

तिन्ही डब्या निमूटपणे उतरवल्या. सोमवारी येऊन कोड बदलतो, असं दुकानदारानं कबूल केल्यावर डॉक्टर गेले. काकू मात्र आईला चार शब्द सुनावायला आत गेल्या, त्या बाहेरच येईनात. मी घाबरत डोकावलो. आईच्या मांडीवर कागद पसरलेले.

"बाई, ही बाही तुम्ही उलटी कापलीय."

"अगं बाई, खरंच की! मावशी, तुम्ही शिवता?"

"पूर्वी शिवायची. आता कोण विचारतंय?" आईचा चेहरा मी इतका उजळलेला बऱ्याच दिवसांत पाहिला नव्हता.

"उकडतंय हो इथं," म्हणत काकूंनी भिंतीवरचं बटण दाबलं. पंखा फिरला आणि कागद पुन्हा उडाले!

"अरे, माझी बाही!" आईनं घाबरून हाताला आला तो रिमोट दाबला.

पंखा थांबला.

आईनं पुन्हा दाबलं. पंखा सुरू. पुन्हा दाबलं. बंद! एकही डबी नसताना! मग तिनं सावकाश माझ्याकडे पाहिलं.

"भिंतीवरचं बटण बंद असलं, तर रिमोट चालतो का रे?"

"...नाही."

"आणि ते सारखं कोण बंद करतं?"

"मी," मी म्हणालो. "खोलीतून जाताना बटण बंद करायचं, हे तूच शिकवलंस ना!"

आई इतकी हसली की काकूंना तिचा प्लास्टरचा पाय धरून ठेवावा लागला.

रविवारी ताई गाडी घेऊन आली. "तू चहा घे आणि जा," आई म्हणाली. "आमच्या बाह्या व्हायच्यात अजून." भरलेली पिशवी मीच रिकामी केली. आनंदानं!

आता भिंतीवरच्या त्या बटणावर चिकटपट्टी आहे आणि वर बायकोच्या अक्षरात माझं नाव घालून सूचना. तीन डब्या मात्र पडून आहेत. अगदी नव्या! कुणाला हव्या असतील तर घेऊन जा. फक्त निघण्याआधी घरातली भिंतीवरची बटणं तेवढी बघून या.