मी दुरुस्त केलेला एकुलता एक टीव्ही

आमच्या अकोल्याच्या घरी टीव्ही बदलायचा की ठेवायचा, यावर चार वर्षं चर्चा चालू होती. चर्चा म्हणजे मी बोलायचो आणि बाबा आवाज वाढवायचे. टीव्हीचा. वीस वर्षांचा तो डबा, मागून इतका फुगलेला की त्याच्या डोक्यावर मायचा गणपती, बाबांच्या बीपीच्या गोळ्या आणि लग्नाच्या पत्रिका आरामात मावायच्या. त्यात सगळी माणसं हिरवी दिसायची. (क्रिकेटचं मैदान तेवढं बरं दिसायचं.) बाबांचं एकच म्हणणं, चालून राहिला ना, मग काहून बदलायचा? स्वतः म्हातारं होत चाललं की माणसाला जुन्या वस्तूंचा फार कळवळा येतो.

क्रिकेटच्या मोठ्या मॅचेस आठवड्यावर आल्या, तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. बाबा पातूरला लग्नाला गेले होते. मी प्लग काढला, मागचं झाकण खोललं, एक लाल वायर कापली आणि झाकण परत बसवलं. मेलेला टीव्ही घरात कोण ठेवतो?

बाबांनी आल्या आल्या बटन दाबलं. मग टीव्हीला दोन थापडा मारल्या. (आमच्याकडे दुरुस्तीची आणि संस्कारांची पद्धत एकच आहे.) टीव्ही गप्प. मी चेहरा पाडून म्हणालो, गेला बिचारा. दुकानात एक्सचेंज ऑफर आहे, हेही हळूच सांगितलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं.

"दोन वर्ष अमरावतीले इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता ना बे तू? खोल त्याले."

आता अडकलो. दुरुस्त केला तर नवा टीव्ही गेला. नाही केला तर डिप्लोमा अर्धवट सोडण्याआधी मी कॉलेजात नुसत्या झोपा काढल्या, हे सिद्ध होणार. (काढल्याच होत्या. पण सिद्ध झालं नव्हतं.) तेवढ्यात शेजारचे नत्थुजी काका तमाशा पाहायला खुर्ची घेऊनच आले. यांचा मुलगा शेखर इंजिनीअर आहे. ही बातमी ते दर आठवड्याला नव्यानं सांगतात.

"याच्यानं काय होते?" नत्थुजी म्हणाले. "शेखरले फोन लावू का?"

माझं डोकं फिरलं. नवा टीव्ही गेला खड्ड्यात. झाकण खोललं, पेचकस इकडेतिकडे फिरवला, 'कॅपॅसिटर', 'व्होल्टेज' असे आठवतील ते शब्द पुटपुटलो, वायर जोडली, वरून चिकटपट्टी गुंडाळली. सात मिनिटं. टीव्ही लागला. हिरवाच, पण लागला.

नत्थुजी खुर्ची उचलून निघून गेले. मायनं डोळ्याला पदर लावला.

"पोट्ट्याच्या हातात विद्या हाय," बाबा म्हणाले. "आपणच वळखलं नाही."

जन्मात पहिल्यांदा ते माझ्याबद्दल बरं बोलले होते. खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं, पण मायनं त्याच वेळी समोर चहा धरला, मग तोच प्यालो.

सोमवारी बाबांनी, टीव्ही घ्यावाच लागला तर म्हणून ठेवलेले पैसे काढले, मला अमरावतीच्या एसटीत बसवलं आणि कॉलेजात परत माझं नाव घातलं. वर प्राचार्यांना छाती काढून ऐकवलं, "माह्या पोरानं सात मिनिटात टीव्ही जिता केला."

पहिल्याच प्रॅक्टिकलला सरांनी माझ्यासमोर एक बंद पडलेला टीव्ही ठेवला. तुझ्याबद्दल ऐकलंय म्हणाले, याचा फॉल्ट शोध.

अख्खा वर्ग भोवती जमला. मी दोन तास शोधत होतो. काही सापडलं नाही.

त्याची वायर मी कापलेली नव्हती.