बसून पंचाहत्तर

पाय लांब करून देणाऱ्या दवाखान्याने फॉर्म पाठवला, तेव्हा ड्रॉइंगवाल्यांना वाटलं होतं की त्यात नाव, वय आणि सही एवढंच भरायचं असेल. निघाली पंधरा मापं. उभ्याने उंची, बसून उंची, मांडी, नडगी, कोपर ते मनगट, दोन्ही हात पसरून या टोकापासून त्या टोकापर्यंत. खाली एक ओळ होती : मापे स्वतः घेऊ नयेत.

खुर्च्या-टेबलांच्या कारखान्यात ते वीस वर्षं आराखडे काढत होते, म्हणून सगळे त्यांना ड्रॉइंगवालेच म्हणत. उंची पाच फूट दोन इंच. टेबलामागे बसले की तीही दिसत नसे; दारातून डोकावणारा माणूस खोली रिकामी समजून परत जाई. त्याची त्यांना सवय झाली होती. सवय झाली नव्हती ती बायकोच्या चपलांची. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती आणि त्यांच्यापेक्षा चार बोटं उंच होती. लग्नानंतर वर्षभरातच तिने आपले उंच टाचांचे सगळे सँडल बहिणीला देऊन टाकले, आणि गेली नऊ वर्षं ती जमिनीला चिकटलेल्या सपाट चपला घालत होती. त्यावर एका शब्दाने कधी बोलली नाही. ती बोलत नाही, हेच त्यांना आतून पोखरत होतं.

ऑपरेशनमध्ये नडगीचं हाड कापतात, आत सळई बसवतात आणि रोज एकेक मिलिमीटर करत हाड ताणत नेतात. नंतर चालायला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं. हे सगळं दोनदा वाचून त्यांनी फॉर्म मागवला होता, यावरून त्यांच्या मनाची अवस्था कळावी.

बायकोला मापं घ्यायला सांगणं शक्यच नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सुतारमिस्त्रींना गाठलं. मिस्त्रींनी टेप काढला आणि विचारलं, कशासाठी? ड्रॉइंगवाल्यांना खोटं बोलायची सवय नव्हती. तोंडाला आलं ते बोलून गेले.

"खुर्ची काढतोय एक. कमी उंचीच्या माणसासाठी."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. त्यांची म्हातारी आई अशीच बुटकी होती, आणि आजवर ती खुर्चीत पाय लोंबकळत ठेवूनच बसत आली होती. मिस्त्रींनी सगळी मापं दोन-दोनदा घेतली आणि प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिली. 'बसून पंचाहत्तर' लिहिताना ते जरा थबकले, पुन्हा टेप लावला. पुन्हा पंचाहत्तर सेंटिमीटरच आलं. टेपवर अविश्वास दाखवायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

संध्याकाळपर्यंत प्लायवुडचा तो तुकडा मालकांच्या टेबलावर होता. मालकांना नव्या मालाची कल्पना हवीच होती. त्यांनी ड्रॉइंगवाल्यांना बोलावून घेतलं.

"तुमच्यासारखी किती माणसं असतील जगात, विचार केलाय कधी?"

ड्रॉइंगवाल्यांनी फार केला होता. पण आता माघार घ्यायची तर खरं सांगावं लागणार होतं. त्यांनी मुकाट्याने आराखडा काढला. पंधराही मापं त्यात चपखल बसली. साठ खुर्च्या तयार झाल्या. जाहिरातीच्या पत्रकावर छापायला स्वतः ड्रॉइंगवाल्यांचाच फोटो काढला गेला. खुर्चीत ते इतके ऐटीत दिसले की बायकोने ते पत्रक दुकानाच्या काउंटरवर लावून टाकलं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगायची, "आमचे हे." खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या लोकांनीही त्यांचं अभिनंदन केलं.

खुर्च्या दुकानांत पोहोचल्या त्याच दिवशी त्यांना दवाखान्याची वेळ मिळाली. डॉक्टरांनी फॉर्म वाचला. त्यांना उभं केलं, बसवलं, परत उभं केलं.

"तुमचे पाय लांबच आहेत," डॉक्टर म्हणाले.

"मग मी बुटका कशामुळे?"

"धडामुळे. पाय जवळजवळ पावणेसहा फुटी माणसाचे आहेत. धड त्या मानाने फारच आखूड."

धड लांब करता येत नाही का, असं ड्रॉइंगवाल्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं. डॉक्टर म्हणाले, तसं ऑपरेशन नाही. मग त्यांनी कागदावर एक माणूस काढला, त्याच्या पायांत आठ सेंटिमीटर वाढवले आणि हात होते तिथेच ठेवले. ड्रॉइंगवाल्यांना ड्रॉइंग चांगलं कळत होतं. शर्ट घातलेला करकोचा होता तो.

घरी परतताना बसमध्ये, तिसऱ्या थांब्याच्या आसपास, त्यांच्या डोक्यात दुसरी गोष्ट शिरली. साठ खुर्च्या. बैठक उंच माणसाच्या पायांना, पाठ बुटक्या माणसाच्या धडाला.

पंधरा दिवसांत खुर्च्या परत यायला लागल्या. बुटक्या गिऱ्हाइकांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, आणि उंच गिऱ्हाइकांच्या पाठीत खुर्चीची वरची कड रुतत होती. तेव्हा मिस्त्रींनी कबूल केलं की पहिल्याच खुर्चीत त्यांनी आईला बसवून पाहिलं होतं आणि तिचेही पाय लोंबकळले होते. पण वयोमानाने ती आणखी आटली असेल, असं समजून ते गप्प राहिले होते.

मालक चिडले नाहीत. गोदामात त्या ढिगासमोर नुसते उभे राहिले.

"कुणाच्या मापाच्या आहेत या?"

"माझ्या."

"आणि तुमच्यासारखे किती?"

"मी एकटाच," ड्रॉइंगवाले म्हणाले.

घरी जाऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. फॉर्म, करकोचा, चपला, काही लपवलं नाही. ती पलंगावर बसून तळपाय चोळत ऐकत होती.

"टाच दुखते रे माझी," ती म्हणाली. "दिवसभर उभी असते मी. सपाट घाला म्हणून डॉक्टरांनीच सांगितलंय."

"मला बोलली नाहीस कधी."

"तू कधी विचारलंस?"

त्यांना हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नऊ वर्षं त्यांनी भलत्याच गोष्टीचं दुःख केलं होतं, आणि तेवढी वर्षं त्यांच्या शेजारी एक टाच ठणकत होती. त्या दिवशी त्यांनी पाणी गरम करून आणलं, तिचे पाय त्यात ठेवले आणि आपण खाली जमिनीवर बसून राहिले.

महिन्याभराने एका शाळेच्या मुख्याध्यापिका बाकं बघायला आल्या, गोदामातल्या खुर्च्यांपाशी थांबल्या आणि टेप मागू लागल्या. बारा-तेराव्या वर्षी मुलांचे पाय आधी सुटतात आणि धड मागून येतं, त्यामुळे सातवीच्या वर्गाला कुठलीच खुर्ची नीट होत नाही, असं त्यांनी सांगितलं. साठच्या साठ खुर्च्या त्या घेऊन गेल्या. आठच दिवसांत शाळेचं पत्र आलं की मुलं पहिल्यांदाच तास संपेपर्यंत न चुळबुळता बसली.

मालकांनी ड्रॉइंगवाल्यांना पुन्हा बोलावलं. या खेपेला त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. शाळेला पुढच्या वर्षी, हीच मुलं आठवीत गेल्यावर, थोड्या मोठ्या मापाच्या साठ खुर्च्या हव्या होत्या, आणि मालक हो म्हणून बसले होते. बोलता बोलता त्यांनी ड्रॉइंगवाल्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"मुलं वर्षभरात वाढणार. तुमचं काही...?"

"नाही. माझं झालं."

"अरेरे," मालक म्हणाले, आणि खरोखरच खिन्न दिसले. "मग दुसरा माणूस बघावा लागेल."