चालत्या गाडीचं भंगार

डोंगर रसायनाने धुऊन चुंबकं बनवायची दुर्मिळ माती काढणं बंद झालं आणि चीनच्या जिआंगशी प्रांतातल्या शिखंग गावाला 'आदर्श पुनर्वापर ग्राम' हा मान मिळाला. मानामागून उद्दिष्ट आलं: भंगारातली जुनी चुंबकं काढून जमा करावीत. पण गावात भंगारच नव्हतं. शिखंगमध्ये वस्तू मोडली की दुरुस्त करतात, आणि अगदीच हात टेकले तर तिच्यात कोंबडी बसवतात.

"भंगार नसणं हे मागासलेपणाचं लक्षण आहे," जिल्ह्याचे ल्याओ साहेब गंभीरपणे म्हणाले. म्हणून मोटारीत चुंबक असलेले चालते पंखे भंगार ठरले. मग चावडीवरचे कर्णे गेले, त्यामुळे पुढची सूचना कोणाला ऐकूच आली नाही. ती सूचना लाय आजीच्या तीनचाकीबद्दल होती.

माती धुवायला ओतलेलं रसायन आजीच्या विहिरीत उतरलं होतं. तेव्हापासून पलीकडच्या झऱ्याचं पाणी ती या बॅटरीच्या गाडीतून आणायची.

"काकू, अंगठा दे," ल्याओ साहेबांना घेऊन दारात आलेला गावचा सचिव चुंग म्हणाला. तो तिच्या नवऱ्याचा पुतण्या. "अहवालात तुझी विहीर शुद्ध झालीय. म्हणजे गाडी बिनकामाची. बिनकामाची म्हणजे भंगार."

"मेल्या, काकाला माती द्यायला एवढ्या घाईने आला नव्हतास! बसा साहेब. चहा न घेता पाहुणा उठला तर आमच्यात घराचा अपमान होतो."

तिने खलात चहाची पानं, तीळ, शेंगदाणे कुटले, वर विहिरीचं उकळतं पाणी ओतलं आणि वाटी पुढे केली. साहेबांनी ती हुंगली आणि स्वतःची बाटली काढली.

"घ्या की! शुद्ध आहे. अहवाल तुमचाच."

"आजी, अहवाल विहिरीचा आहे. चहाचा नाही."

"मग तू घे रे, चुंग."

"मला पित्त आहे, काकू."

"याच विहिरीवर वाढलास तेव्हा कुठे होतं पित्त?"

वाटी शेवटी कोंबड्यांपुढे ठेवली. त्यांनीही पाठ फिरवली. पण कोंबड्यांचं मत नोंदवायला रकाना नव्हता.

गाडी त्याच दिवशी फोडली. आजी आता कावड घेऊन डोंगर चढते.

गाडीतल्या चुंबकाचं पुढे सोनं झालं. ते एका नव्या फोनात बसलं. त्याच्या खोक्यावर हिरवं पान आहे, आणि खाली लिहिलंय: 'यासाठी एकही डोंगर खणलेला नाही.' त्यात खोटं काहीच नाही. तुम्ही तो घेतलात, पुण्य केलंत. फक्त एक सांगा, जुना बिघडला होता का हो?