ब्रेक बसेपर्यंत

"उभी मात्र करायची नाय," मोटारसायकलची चावी हाती देताना पेणच्या जगन मेकॅनिकने प्रवीणला बजावले. "डिस्क नवी, पॅड नवे. गाडी पळव, ब्रेक लावून पार हळू कर, सोड, परत पळव. एकमेकांवर घासून नीट बसंस्तोवर हेच. गरम ब्रेक दाबून थांबलास तर डिस्कवर डाग पडतील, मग कायम थरथरंल."

पुढच्या चाकाला डिस्क असलेल्या गाड्या पेणमध्ये तेव्हा मोजक्याच होत्या. जगनचा शब्द प्रवीणने प्रमाण मानला. शिवाय त्याला रोह्याला जायचेच होते. त्याचे आणि मृणालीचे आपसांत ठरले होते. तिचे वडील दत्तात्रेय आज होकार किंवा नकार देणार होते. जाता जाता ब्रेकही बसतील, असा सुज्ञ विचार त्याने केला.

नागोठण्याहून वळल्यावर रस्ता मोकळा मिळाला. मात्र एस.टी. न आल्यामुळे माणसे झाडाझाडाखाली तिष्ठत होती, आणि त्या भागात गाडी हळू झाली म्हणजे चालकाने 'बसा' म्हटले असेच धरतात. वेग उतरताच एक म्हातारा धोतर सावरीत धावला; तो पोहोचेपर्यंत गाडी सुटली. पुढच्या वळणावर एक जोडपे धावले. प्रवीणने मान खाली घातली. त्यानंतर वालाच्या शेंगांची टोपली घेतलेल्या एका बाईंनी, चालत्या बैलगाडीवर चढण्याच्या सवयीने, त्याचा खांदा धरला आणि त्या मागे बसल्यासुद्धा.

"मावशी, मी थांबलो नव्हतो."

"म्हणून तर धावायला लागलं. चल."

यानंतर गाडी हळू झाली की माणसे धावत, आणि मावशी त्यांना हाकलीत. "जागा नाय! याला कळत नाय, तुम्हाला तरी कळू दे."

रोह्यात मावशी सांगतील तसा तो वळत गेला आणि थेट मृणालीच्या दारात पोहोचला. मावशी, म्हणजे पुतळीबाई, तिच्या सख्ख्या आत्या निघाल्या.

"दत्तू, पोरगा लय मायाळू हाय," आत्यांनी ओटीवरूनच सांगितले. "दिसंल त्याच्यासाठी गाडी हळू करतो. मी नसते तर निम्मा तालुका घेऊन आला असता."

दत्तात्रेयांचा चेहरा पडला. "मोठा जावई असाच हाय. गावाची कामं करत फिरतो, घरी दिसत नाय. दुसरा तसा नको."

"मी तसा नाय," प्रवीण काकुळतीने म्हणाला. "मी ब्रेक बसवत होतो. कंपनीत विचारा कुणालाबी. मी शिफ्टसुद्धा बदलून देत नाय."

"खरंच बाबा," पोह्यांची बशी घेऊन आलेली मृणाली म्हणाली. "फार कोरडा माणूस आहे."

दत्तात्रेयांनी त्याच्याकडे प्रथमच आपुलकीने पाहिले. "असं असंल तर विचार करू."

आत्यांनी टोपली रिकामी करून काखेत मारली होती. "वाल पोचले, माझं काम झालं. पण परतीला एस.टी.चा भरवसा नाय. पोरा, नागोठण्याला सोडशील?"

बापाच्या पाठीमागून मृणालीने जोरजोरात नकारार्थी मान हलवली. दत्तात्रेय डोळे बारीक करून वाट पाहत होते. नकार प्रवीणच्या ओठांपर्यंत आला होता. तेवढ्यात आत्या पायरीवर टेकल्या आणि आपले सुजलेले गुडघे दाबू लागल्या.

"चला, आत्या," प्रवीण म्हणाला.

मृणाली पोह्यांची बशी तशीच परत घेऊन आत गेली.