अप्पारावांचा अँप्लिफायर आणि शेंगदाण्याचा डबा

ज्या लाकडी खोक्यावर गीताबाईंचा शेंगदाण्याचा डबा वर्षानुवर्षं ठाण मांडून होता, ते खोकं बघायला बेंगळुरूहून एक माणूस विमानानं येतोय, असं सुयशनं जाहीर केलं, तेव्हा बजाजनगरातल्या त्या घरात कुणाचाच विश्वास बसेना.

"डबा बघायला?" गीताबाई दचकल्याच.

"डबा नाय गं आज्जी, खोकं. आजोबांचा अँप्लिफायर."

ते खोकं एके काळी सगळ्या शहरात गाजलेलं होतं. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत अप्पारावांचं छोटंसं दुकान होतं आणि तिथं ते गायन पार्ट्यांसाठी काचेच्या व्हॉल्व्हचे अँप्लिफायर हातानं बांधायचे. चौदा एप्रिलला चौकाचौकात बँजो वाजायचा तो अप्पारावांच्या खोक्यातून. हँडबिलावर गायकाचं नाव असे, बँजोवाल्याचं असे, मांडववाल्याचंसुद्धा असे. अप्पारावांचं कधीच नसे. "आपल्याला काय करायचंय नावाचं," असं ते हसून म्हणत, पण ते हसणं ओठांच्या आत कधी गेलं नाही. पुढं नवी यंत्रं आली, दुकान बंद पडलं आणि उरलेला एकुलता एक अँप्लिफायर ओट्याशेजारी डबे ठेवायच्या कामाला लागला.

सुयश नातू. नोकरीला वाळूजच्या कंपनीत, जीव मात्र गिटारमध्ये. एकदा गंमत म्हणून त्यानं स्वयंपाकघरातच त्या खोक्याला गिटार जोडली, तर आतून असा घोगरा, खरखरीत, अंगावर काटा आणणारा आवाज निघाला की त्याच्या हातातली गिटारच सुटायची राहिली. रात्रभर गाऊन बसलेल्या गळ्यासारखा तो आवाज त्यानं मोबाइलवर टिपून इंटरनेटवर टाकला. बेंगळुरूच्या एका कंपनीचं कामच असं की जुने दुर्मीळ अँप्लिफायर शोधायचे, त्यांची हुबेहूब नवी आवृत्ती काढायची आणि तिच्यावर मूळ कारागिराची सही छापायची. त्यांनी तो आवाज ऐकला आणि फोनच केला.

तेव्हापासून अप्पाराव वर्तमानपत्राच्या समासात सही गिरवत बसू लागले. वय ऐंशीच्या घरात, हात थरथरायचा. "लवकर यावं बाबा त्यांनी," ते म्हणायचे, "हात हाय तवर."

बातमी शेजारच्या रत्नमालाच्या कानावर गेली नसती तरच नवल.

"वहिनी, पाव्हणे येणारेत म्हणं. मी बी येणार बघायला. आन् तेवढा माझा डबा सापडला का?"

"किती येळा सांगू रत्नमाला, तुझा डबा आमच्याकडं नाय. तुझ्या जावेकडं इचार."

"लग्नातला डबा व्हता हो वहिनी."

"आगं, स्टीलचे डबे समदे एका तोंडाचे," गीताबाईंनी विषय मिटवला.

पाहुण्याच्या दिवशी सकाळी सुयश पाहुण्यासाठी कचोरी आणायला गेला. परत येऊन बघतो तर अँप्लिफायर बाहेरच्या खोलीत टीपॉयवर बसलेला, अंगावर लख्ख चंदेरी ऑइलपेंट आणि डोक्यावर क्रोशाचा रुमाल.

"आजोबा, हे काय केलं?"

"पाव्हण्याला काय कळकट दावायचं? पहाटेच मारला. उन्हात चांगला वाळला बी."

"आवो, त्यांना जुनंच पाहिजे! जुनाट दिसण्याचीच किंमत हाय त्याला."

अप्पाराव पार गोंधळले. सगळ्या आयुष्यात जुन्याचं नवं करायचे पैसे मिळाले, नव्याचं जुनं करायची ही त्यांची पहिलीच वेळ. पण नातवाचा पडलेला चेहरा बघून ते पॉलिश पेपर घेऊन बसले. आजोबा एका बाजूनं, नातू दुसऱ्या बाजूनं. रंग खरवडला, तर खालचं लाकूड नव्यासारखं निघालं. मग गीताबाईंनी सकाळच्या चहाचा चोथा आणून दिला आणि सुयशनं तो खोक्याला चोळचोळ चोळला. एवढ्यात दारात टॅक्सी थांबली.

सत्यम नावाचा तो इंजिनिअर आत आला तोच खोक्यासमोर गुडघ्यावर बसला. त्याला हिंदी बोलता यायचं, वाचता मात्र येत नव्हतं.

"क्या बात है!" खोक्यावरून तो हळुवार हात फिरवत राहिला. "ऐसा पुराना रंग हमारी वर्कशॉप में महीनों में नहीं आता. और ये खुशबू! पुरानी लकडी की खुशबू ही अलग होती है."

सुयशनं आपले चहानं माखलेले हात पाठीमागं लपवले. रत्नमाला येऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली होती. सत्यमनं गिटार जोडली, व्हॉल्व्ह तापू दिले आणि तार छेडली.

आवाज आला तो धुतल्या तांदळासारखा. स्वच्छ, गोड, शहाण्या मुलासारखा. खरखर नावालाही नाही.

सत्यमनं सुयशकडं बघितलं, सुयशनं अप्पारावांकडं. अप्पाराव खाली बघू लागले.

"पेंट मारताना आत काय केलं का आजोबा?"

"स्क्रू तेवढे आवळले रे. लई खडखड करायले व्हते."

सुयशला हायसं वाटलं. त्यानं सगळे स्क्रू ढिले केले. आवाज गोडच. एक व्हॉल्व्ह काढून परत बसवला, तरी गोडच. रत्नमाला म्हणाली, दृष्ट लागली असेल. सत्यमनं सभ्यपणे घड्याळ बघितलं.

"ऱ्हाऊ दे पोरा," अप्पाराव म्हणाले. "नशिबात नाय आपल्या नाव. सवय हाय मला."

सुयशला ते ऐकवेना. शेवटचा उपाय म्हणून त्यानं मोबाइलवर तो जुना व्हिडिओ लावला. खोकं तेच, गिटार तीच, आवाज मात्र वाघासारखा. सत्यम पडद्यात डोकं खुपसून बघत होता. एकाएकी त्यानं बोट ठेवलं.

"ये ऊपर क्या है?"

"डबा," सुयश म्हणाला. "आज्जी, शेंगदाण्याचा डबा कुठंय?"

"कोणता डबा?" गीताबाईंचा चेहरा उतरला. मग लगेच त्या वळल्या. "रत्नमाला, पाव्हण्यांचा च्या करायचाय, साखर संपली बघ. तुझ्याकडून वाटीभर आण की."

रत्नमाला उठून गेली, तशा गीताबाई आतल्या खोलीत शिरल्या. दिवाणाच्या पोटात, गोधड्यांच्या खाली दडवलेला डबा त्यांनी काढून आणला आणि नाइलाजानं खोक्यावर ठेवला. सत्यमनं तार छेडली. खोकं थरथरलं, डबा थरथरला, आतले शेंगदाणे नाचू लागले आणि तो घोगरा, खरखरीत आवाज सगळ्या घरभर घुमला.

सत्यम उभ्या उभ्या नाचायलाच लागला. सुयशनं आज्जीला मिठी मारली. अप्पाराव तेवढे खुर्चीत मागं टेकले.

"म्हंजे आवाज माझा नव्हताच," ते म्हणाले.

"नहीं बाबा. आपके बिना ये सिर्फ मूंगफली है," सत्यम म्हणाला. "दोनों मिलके आवाज है."

अप्पारावांनी डब्यावरून हात फिरवला. मग त्यांनी घसा साफ केला. "तसं आसंल, तर नाव बी दोघांचं टाका. माझं आन् डबेवालीचं. मला जिंदगीभर कुणी नाव दिलं नाय, ते लई टोचलंय. मी तसं कुणाला करणार नाय."

"माझं नाव नको," गीताबाई घाईनं म्हणाल्या.

"आज्जी लाजायली," सुयश हसला.

"लाजत नाय रे. खरंच नको."

"अम्मा, बस एक साइन," सत्यमनं अप्पारावांची सही घेतलेला कागद पुढं केला.

"मला सही येत नाय," गीताबाईंनी ठोकून दिलं. बचत गटात त्या दर महिन्याला सही करत होत्या. पण या थापेनं त्यांचं काम होण्याऐवजी उलटंच झालं, कारण सुयशच्या डोक्यात लगेच कल्पना चमकली.

"सही कशाला? डब्याच्या बुडाला नाव घातलेलं असतंच की. ठिपक्याठिपक्यांचं. तेच छापा, लई भारी दिसंल."

"नको म्हणते ना!" गीताबाईंनी डबा छातीशी धरला, पण त्यांचं ऐकतो कोण. सत्यमनं खोक्याची मापं आणि फोटो घेतले आणि शेंगदाण्याच्या वजनावरच सगळी खुबी असल्यामुळं डबा जसाच्या तसा, भरलेलाच, फुग्याफुग्यांच्या कागदात गुंडाळला. रत्नमाला साखर घेऊन आली, तेव्हा तो त्याच्या बॅगेत गेलेला होता. गीताबाईंनी कपाळावरचा घाम पुसला. डबा गावाबाहेर गेला, हे एका परीनं बरंच झालं, असं त्यांना वाटू लागलं.

काही महिन्यांनी पहिला नग बेंगळुरूहून आला. अप्पारावांनी सगळी गल्ली बोलावली होती आणि स्वतः कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. सुयशनं पार्सल फोडलं. आधी निघाला गीताबाईंचा डबा, शेंगदाण्यांसकट परत पाठवलेला. मग निघाला अँप्लिफायर, चहाच्या रंगाचा, डोक्यावर तसाच नवा कोरा डबा बसवलेला.

पुढच्या पट्टीवर डाव्या बाजूला अप्पारावांची सही होती. थरथरलेली, पण त्यांचीच. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, आणि त्यांना रडू आवरेना. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुयशलाही पुढचं धूसर दिसत होतं. त्यानं डोळे पुसले आणि उजव्या बाजूला पितळी ठिपक्यांत कोरलेलं दुसरं नाव मोठ्यानं वाचलं.

"सौ. रत्नमाला..." आणि त्याची जीभ तिथंच थबकली.

टाळ्या बंद पडल्या. अप्पारावांनी गीताबाईंकडं बघितलं. गीताबाई छताच्या पंख्याकडं बघत होत्या. रत्नमालानं पुढं होऊन, चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं.

"म्हंजे वहिनी, माझा डबा बेंगलोरला व्हता व्हय," ती शांतपणे म्हणाली. "आन् म्या येडी तुमच्या घरात इचारत बसले."

गीताबाईंनी पंख्यावरची नजर खाली आणली. शेंगदाण्यांनी भरलेला डबा दोन्ही हातांनी उचलला आणि रत्नमालाच्या पुढ्यात धरला.

"घे बाई," त्या म्हणाल्या. "लोकाचा डबा रिकामा परत करत नसतेत, म्हणून थांबले व्हते."