डोंगराची सरासरी

डोंगर निद्रिस्त आहे, असं वेधशाळेच्या पाटीवर लिहिलं होतं. पाटी नुकतीच रंगवून घेतलेली असल्यामुळे या स्थितीत बदल संभवत नव्हता.

ताईंची पंचाईत इथेच झाली. वेधशाळेत सगळे त्यांना ताईच म्हणत. गेल्या महिन्यात डोंगराने घसा खाकरून चिमूटभर राख टाकली होती आणि तिच्यातले मोहरीएवढे स्फटिक ताईंनी कापून पाहिले. स्फटिक थरावर थर चढवत वाढतो, आणि प्रत्येक थरातल्या समस्थानिकांच्या प्रमाणावरून तो कुठल्या शिलारसात वाढला ते कळतं. गाभा जुन्या, थंडावलेल्या शिलारसातला निघाला. कडेचा पातळ थर मात्र भलताच! म्हणजे डोंगराच्या पोटात खालून नवा, तापलेला शिलारस शिरला होता, आणि तोही काही आठवड्यांपूर्वी. पायथ्याच्या वस्तीत ताईंची धाकटी बहीण दोन लेकरं घेऊन राहत होती. ताईंच्या तोंडचं पाणी पळालं. वस्ती ताबडतोब हलवा, असा अहवाल त्यांनी त्याच दिवशी दिला.

संचालकांनी तो दोनदा वाचला. "ताई, एकाच स्फटिकाचे दोन आकडे लिहिलेत तुम्ही. तक्त्यात रकाना एकच आहे."

"साहेब, गाभा वेगळा नि कड वेगळी, हीच तर धोक्याची खूण आहे!"

"असेल हो. पण रकाना एक आहे. सरासरी काढा."

गाभा जाडजूड, कड केसाएवढी. सरासरीत डोंगर चक्क घोरत होता.

ताई हटेनात, तेव्हा समिती नेमली गेली. कडेचा थर अल्पमतात असल्याने यापुढे स्फटिक सोलूनच तपासावेत, असं समितीने एकमताने ठरवलं. पुढच्या राखेत कड दुप्पट जाड आली. सोलणाऱ्यावर कामाचा ताण पडू लागला, म्हणून सोलणाऱ्याचं दुसरं पद मंजूर झालं. डोंगरासाठी झालेली ही एकमेव हालचाल.

मग एके सकाळी बहीणच कागद घेऊन आली. "ताई, डोंगर शांत असल्याचा दाखला आहे हा. तुझी तेवढी सही राहिलीय."

"अगं, वेडी झालीस का? लेकरांना घेऊन आधी निघ तिथून!"

"निघायचंच आहे गं! पण घर विकल्याशिवाय निघू कशी? अख्ख्या वस्तीने घरं विकायला काढलीत. दाखल्याशिवाय कोण घेणार?"

"आणि घेणाऱ्याचं काय?"

बहिणीने पदराशी चाळा केला. "तो काय आपला कोण लागतो?"

ताई तिच्यावर संतापल्या, स्वतःवर त्याहून जास्त. मग त्यांना लेकरं दिसू लागली. त्यांनी सही केली.

घर चार दिवसांत गेलं. गिऱ्हाईक चोखंदळ होतं. त्याने भिंतींच्या भेगा मोजल्या, विहिरीतून येणारी वाफ पाहिली, आणि आयतं गरम पाणी मिळणार म्हणून ते खूशही झालं. ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्हीच! बाकी काही न विचारता तुम्ही एवढंच म्हणालात, "दाखला आहे ना? मग झालं तर."